नागरी रस्तेजाल : नागपूर

शहरातील हमरस्ते, उपरस्ते, गल्ल्या व बोळ परस्परांना ज्या रीतीने जोडलेले असतात, त्या समग्र रचनेस नागरी रस्तेजाल म्हणतात. आणि या जोडणीच्या प्रमाणास रस्तेजालाची संलग्नता अशी संज्ञा आहे. संलग्नता ही रस्त्यांच्या लांबीहून किंवा रुंदीहून वेगळी बाब होय. दोन वस्त्यांमध्ये रस्त्यांची एकूण लांबी सारखी असली, तरी एकीत घरापासून बाजारापर्यंत तीन-चार वाटांनी जाता येते, तर दुसरीत एकाच वाटेने जावे लागते व ती वाट बंद पडली, की सारी वस्ती अडकून पडते. शहरातील इमारती दोन-तीन पिढ्यांत बदलतात, जमिनीचे उपयोग त्याहूनही लवकर बदलतात. रस्त्यांची आखणी मात्र शतकानुशतके टिकते, कारण तिच्या दोहो बाजूंना मालकीहक्काच्या सीमा कायम झालेल्या असतात. म्हणून कोणत्या काळात कशी आखणी झाली, हा केवळ इतिहासाचा प्रश्न राहत नाही. नागपूर शहरात सुमारे तीन शतकांतील निरनिराळ्या आखण्या एकमेकींना लागून उभ्या असल्याने संलग्नता कशी बदलत जाते, हे तेथे विशेष स्पष्टपणे पाहता येते.

मापन : रस्तेजालाचा गणिती विचार आलेख सिद्धांताच्या आधारे करतात. या सिद्धांताचा उगम लेनर्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३६ मध्ये कोनिग्झबर्ग शहरातील सात पुलांच्या कोड्याचा जो उलगडा केला, त्यात आहे. म्हणजे तो मुळातच नदीने विभागलेल्या एका शहराच्या संलग्नतेचा प्रश्न होता. चौक, तिठे व रस्त्यांची बंद टोके यांना बिंदू आणि दोन बिंदूंमधील रस्त्याच्या तुकड्यास दुवा मानले, की शहराचा नकाशा एक आलेख होतो. १९६३ मध्ये कॅरेल कान्स्की यांनी वाहतूक-जालांच्या तुलनेसाठी काही सोपे निर्देशांक मांडले. त्यांपैकी बीटा निर्देशांक म्हणजे दुव्यांच्या संख्येस बिंदूंच्या संख्येने भागून येणारी संख्या. गॅमा निर्देशांक म्हणजे प्रत्यक्ष असलेल्या दुव्यांचे शक्य असलेल्या जास्तीत जास्त दुव्यांशी गुणोत्तर. तर आल्फा निर्देशांक जालातील बंद फेऱ्यांचे, म्हणजेच पर्यायी वाटांचे प्रमाण सांगतो. अलीकडील अभ्यासकांचा कल एका बिंदूला सरासरी किती दुवे मिळतात, हे पाहण्याकडे आहे. ही सरासरी बीटा निर्देशांकाच्या दुप्पट येते. झाडाच्या फांद्यांसारख्या, एकही फेरी नसलेल्या जालात ती जवळजवळ दोन असते. बुद्धिबळाच्या पटासारख्या विस्तीर्ण चौकटीत ती चारच्या जवळ जाते.

हे निर्देशांक वस्तीच्या पातळीवर उपयुक्त असले, तरी सबंध शहराबाबत ते फसवे ठरू शकतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. दहा आडव्या व दहा उभ्या रस्त्यांच्या चौकटीत १०० बिंदू व १८० दुवे असतात. बीटा निर्देशांक १·८० येतो. या चौकटीच्या मधोमध उत्तर-दक्षिण लोहमार्ग घातला आणि तो ओलांडणाऱ्या दहा दुव्यांपैकी केवळ चौथ्या व सातव्या रस्त्यांवरील दोनच ठेवले, तर दुवे १७२ उरतात व निर्देशांक १·७२ होतो. घट नगण्य दिसते. परंतु पूर्वी पलीकडे जाण्याचे दहा मार्ग होते, ते आता दोन झाले. पहिल्या रस्त्यावर रुळालगत राहणाऱ्या माणसाला समोरच्या घरी जाण्यास एक दुवा चालावा लागे, तेथे आता सात दुवे चालावे लागतात. आणि दोन्ही भागांतील सर्व वाहतूक त्या दोन ठिकाणी दाटते. नागपूरच्या संदर्भात हा मुद्दा कळीचा आहे. तेथील गल्लीबोळांची संलग्नता एक गोष्ट आहे आणि शहराच्या विभागांची आपापसांतील संलग्नता दुसरी. बहुतेक काळ या दोहोंचे बदल एकाच दिशेने झालेले नाहीत.

गोंड व भोसले काळ : देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने सु. १७०२ मध्ये बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसविले. या वाड्यांचा उल्लेख ‘राजापूर बारसा’ असा केला जातो. त्याचा मुलगा चांद सुलतान याने येथे राजधानी आणली, गावास तट घातला आणि जुम्मा तलाव (शुक्रवारी तलाव, आता गांधीसागर) बांधून घेतला. अठराव्या शतकाच्या मध्यास पहिल्या रघूजी भोसल्यांच्या हाती सत्ता आल्यावर महाल भागात वाडे उभे राहिले व त्यांच्या सभोवार पेठा वाढल्या. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी, मंगळवारी ही वस्त्यांची नावे आठवड्याच्या बाजारांची खूण आजही बाळगून आहेत. वाड्या जुळून झालेल्या अशा गावात रस्ते आखणीदाराने ओढलेले नसतात. ते पायवाटा, बाजार, मंदिरे व वाड्यांचे दरवाजे यांना जोडत जातात. परिणामी सरळ चौकांपेक्षा तिठे अधिक, गल्ल्या अरुंद व वाकड्या, पण फेऱ्या पुष्कळ असे जाल तयार होते. नवख्याला ते गोंधळाचे वाटते. रहिवाशाला मात्र एक बोळ अडला तर दुसरा असतो. बाहेरच्या जगाशी या गावाचा संबंध मोजक्या दरवाजांतूनच येई. त्यांपैकी महालातील जुम्मा दरवाजा (गांधीद्वार) अद्याप उभा आहे. अंतर्गत संलग्नता दाट व बाह्य संलग्नता विरळ, हे तटबंद शहराचे सामान्य लक्षण नागपुरातही होते.

ब्रिटिश अंमल व लोहमार्ग : १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर टेकडीवर किल्ला बांधण्यात आला. १८२१ मध्ये ईशान्येस कामठीची छावणी वसली व तिकडे जाणारा रस्ता महत्त्वास चढला. १८५३ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी बनले. सीताबर्डी टेकडीच्या पश्चिमेस व वायव्येस साहेब लोकांची वस्ती, म्हणजे सिव्हिल लाइन्स, आखण्यात आली. मोठमोठी आवारे, त्यांत एकेक बंगला आणि दूरदूर अंतरावर एकमेकांस मिळणारे वळणदार, सावलीचे रस्ते, असे तिचे स्वरूप होते. नझूल जमिनीवरील ही आवारे पुढे सरकारी कार्यालयांकडे गेली, तरी त्यांच्या सीमा फारशा हलल्या नाहीत. महालातील एखाद्या पेठेत जेवढ्या क्षेत्रात अनेक तिठे सापडतात, तेवढे क्षेत्र येथे एकाच कुंपणात असते. दोन्ही आखण्यांतील फरक अभियंत्यांच्या कौशल्याचा नव्हे. एक पायी चालणाऱ्यांसाठी घडली, दुसरी बग्गीतून जाणाऱ्या थोड्यांसाठी.

शहराच्या जालावर सर्वांत खोल परिणाम मात्र लोहमार्गाने केला. मुंबईकडून येणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. तो अजनीवरून येऊन सीताबर्डीची टेकडी आणि जुने शहर यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातून गेला. कापसाच्या व्यापाराच्या दृष्टीने ही जागा सोयीची होती. १८७७ मध्ये जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल याच परिसरात सुरू झाली. १८८० नंतर छत्तीसगडकडे जाणारा मार्ग तयार झाला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंदमापी केला. तो जुन्या शहराच्या उत्तर अंगाने इतवारी स्थानकावरून पूर्वेस जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी इतवारीहून नागभीडकडे जाणारा, मूळचा अरुंदमापी मार्ग पूर्व बाजूने निघाला. दक्षिणेस नाग नदी होतीच. अशा रीतीने भोसलेकालीन तट नाहीसा होत असताना जुने शहर तीन बाजूंनी रुळांच्या व चौथ्या बाजूने नदीच्या वेढ्यात आले. दरवाजांची जागा पुलांनी व फाटकांनी घेतली. १९२०–३० या दशकात इटारसीकडील व काझीपेठेकडील मार्ग पुरे होऊन दिल्ली–मद्रास लोहमार्ग नागपुरावरून जाऊ लागला. देशाच्या नकाशावर नागपूरची संलग्नता ज्या घटनांनी कळसास पोहोचली, त्याच घटनांनी शहरांतर्गत संलग्नतेला बाधा आणली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

रूळ ओलांडण्याच्या जागा त्यानंतर शहराच्या जीवनरेषा बनल्या : अजनीचा पूल, सीताबर्डी व कॉटन मार्केट यांमधील लोखंडी पूल (लोहापूल), रेल्वेस्थानकालगतचा संत्रा मार्केटजवळचा पूल, उत्तरेस कामठी रस्त्यावरील गड्डीगोदामचा भुयारी मार्ग इत्यादी. यांपैकी संत्रा मार्केटजवळच्या जुन्या पुलाची जागा आता ‘रामझुला’ या केबलांवर तोललेल्या पुलाने घेतली आहे. नैर्ऋत्येकडील वर्धा मार्गालगत वस्ती वाढल्यावर नरेंद्रनगर व मनीषनगर येथेही असाच प्रश्न उद्भवला. रेल्वे फाटक हा एक विलक्षण दुवा आहे. नकाशात तो अखंड दिसतो. प्रत्यक्षात तो दिवसातून कितीतरी वेळा तुटतो व जुळतो, आणि गाड्यांची संख्या वाढते तसा तो अधिकाधिक काळ तुटलेला राहतो. नकाशावर एकही रेघ न बदलता संलग्नता घटण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

सुधार प्रन्यास व आखीव वस्त्या : १८६४ मध्ये नागपुरास नगरपालिका मिळाली, तिचे महानगरपालिकेत रूपांतर १९५१ मध्ये झाले. तत्पूर्वी १९३६ च्या अधिनियमान्वये नागपूर सुधार प्रन्यास स्थापन होऊन १९३७ पासून त्याचे कार्य सुरू झाले. धरमपेठ, रामदासपेठ, शंकरनगर, बजाजनगर, लक्ष्मीनगर अशा पश्चिम नागपुरातील वस्त्यांत भूखंडांच्या रांगा, काटकोनात छेदणारे रस्ते व मधूनमधून मोकळी मैदाने अशी आखणी दिसते. या वस्त्यांची अंतर्गत संलग्नता चांगली आहे आणि महत्त्वाचे म्हणजे एका वस्तीचे रस्ते शेजारच्या वस्तीत बऱ्याच ठिकाणी पुढे चालू राहतात.

जुन्या शहरात प्रन्यासाने वेगळा उपाय योजला. रेल्वेस्थानकाच्या बाजूने थेट पूर्वेकडे, दाट वस्ती कापून सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू हा रुंद सरळ रस्ता काढण्यात आला. पॅरिसमध्ये ओस्मान याने एकोणिसाव्या शतकात जे मोठ्या प्रमाणावर केले, त्याचाच हा लहान अवतार म्हणता येईल. पॅट्रिक गेडेस यांनी १९१४ नंतरच्या दशकात अनेक भारतीय शहरांची पाहणी करून अशा सरसकट पाडापाडीस विरोध केला होता. चार घरे हलवून बोळ मोकळा करावा, विहीर-वृक्ष राखावेत, असे त्यांचे मत होते. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूने भंडारा रस्त्याकडील वाहतुकीस मार्ग मिळाला व इतवारी-गांधीबागेच्या व्यापारास गती आली, हे निर्विवाद आहे. तथापि रस्ता जसजसा रहदारीचा झाला, तसतसा तो उत्तर-दक्षिण जाणाऱ्या गल्ल्यांना अडसर बनला. रस्त्याच्या मध्यभागी दुभाजक घातला, की गल्लीच्या दोन तोंडांचा मिळून असलेला चौक दोन स्वतंत्र तिठ्यांत मोडतो. एकाच बांधकामाने दूरची संलग्नता वाढावी व जवळची घटावी, असे नगररचनेत वारंवार घडते. [⟶ नगररचना].

या संदर्भात एका नामसाधर्म्याचा खुलासा आवश्यक आहे. रस्ते अभियांत्रिकीत प्रसिद्ध असलेली ‘नागपूर योजना’ ही नागपूर शहराची नव्हे. डिसेंबर १९४३ मध्ये देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरास भरली व तीत सबंध देशासाठी वीस वर्षांची रस्तेबांधणी योजना ठरली. तीत राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्ते अशी वर्गवारी होती आणि तिचे सूत्र ‘तारा व चौकट’ या नावाने ओळखले जाते. मोठ्या केंद्रांपासून ताऱ्याच्या किरणांप्रमाणे रस्ते निघावेत व मधल्या प्रदेशात चौकटीने गावे जोडली जावीत, अशी ही कल्पना होती. नागपूर शहराला किरण भरपूर लाभले : अमरावती, काटोल, छिंदवाडा, कामठी, भंडारा, उमरेड, वर्धा व हिंगणा या दिशांचे रस्ते. चौकटीची बाजू मात्र उणी राहिली. एका उपनगरातून शेजारच्या उपनगरात जाणाऱ्यास पुष्कळदा किरणावरून केंद्राकडे व तेथून दुसऱ्या किरणावरून बाहेर यावे लागे. वर्तुळाकार मार्गाने (रिंग रोड) ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढली.

शेतांवरील अभिन्यास : १९०१ मध्ये नागपूरची लोकसंख्या १,२७,७३४ होती, २०११ मध्ये ती २४,०५,६६५ झाली. ही वाढ सामावून घेणाऱ्या वस्त्यांचा मोठा भाग नियोजित नव्हता. भोवतालच्या खेड्यांतील शेतजमिनी मालकांनी वा दलालांनी भूखंड पाडून विकल्या. नागपुरात यांस ‘लेआऊट’ म्हणतात. ‘५७२’ व ‘१९००’ या आकड्यांनीच ओळखले जाणारे अनधिकृत अभिन्यासांचे दोन गट शहराच्या परिचयाचे आहेत. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी राज्यात २००१ मध्ये गुंठेवारी विकासाचा कायदा झाला.

या अभिन्यासांतील रस्त्यांची तऱ्हा समजून घेण्यासारखी आहे, कारण शहराच्या आजच्या अडचणींचे एक मूळ तेथे आहे. भूखंड पाडणारा आपल्या शेताच्या धुऱ्यापर्यंतच विचार करतो. पांदण किंवा जवळचा डांबरी रस्ता यावरून तो एक वाट आत घेतो व तिला कंगव्याच्या दात्यांप्रमाणे गल्ल्या काढतो. प्रत्येक गल्ली धुऱ्याशी येऊन थांबते, कारण तिथे आणखी एक भूखंड विकता येतो. शेजारचा शेतमालक चार-पाच वर्षांनी तेच करतो. त्याच्या गल्ल्या धुऱ्याच्या पलीकडून येऊन थांबतात. त्यांची रांग पहिल्या गल्ल्यांशी जुळतेच असे नाही. दोन घरांच्या मागच्या भिंती काही हातांच्या अंतरावर असतात, पण एका घरून दुसऱ्याच्या दारी जाण्यास मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन वळसा घालावा लागतो. पूर्वीचे सातबाऱ्याचे गट अशा रीतीने शहराच्या रस्तेजालात उमटून राहतात. प्रत्येक अभिन्यास स्वतःपुरता निर्दोष असू शकतो, रस्ते पुरेसे रुंदही असू शकतात. दोष असतो तो दोन अभिन्यासांच्या सांध्यात, आणि त्या सांध्याची जबाबदारी कोणत्याच एका विकणाऱ्यावर नसते.

याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मोटारीतून जाणाऱ्याला एक किलोमीटरचा वळसा म्हणजे दोन-तीन मिनिटे. शाळेत पायी जाणाऱ्या मुलाला, डोक्यावर भाजी घेऊन निघालेल्या स्त्रीला किंवा वृद्धाला तो दिवसातून दोनदा घडणारा श्रम आहे. रुग्णवाहिका व अग्निशामक बंब यांच्या दृष्टीने तर एकतोंडी वस्ती धोक्याचीच. शहर बस अशा वस्तीत शिरून बाहेर पडू शकत नाही. मग लोक दुचाकी घेतात व मुख्य रस्त्यावरील गर्दीत भर घालतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्या जलमय झाल्या. अशा प्रसंगी दुसरी वाट असणे ही केवळ सोय राहत नाही.

मोठी आवारे हाही या प्रश्नाचाच भाग आहे. मध्यवर्ती कारागृह, अभियांत्रिकी महाविद्यालय (विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था), शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, रेल्वेची अजनी येथील जागा, सोनेगावचा विमानतळ यांपैकी बहुतेक मूळ ठिकाणी वस्तीच्या कडेला होती. शहर वाढून ती त्याच्या पोटात आली. त्यांच्याभोवती वळसा घालणारे रस्ते साहजिकच अतिभारित होतात.

इतर देशांतील अनुभव : संलग्नतेत झालेली घट भारतापुरती नाही. अमेरिकेत १९२९ नंतर क्लॅरेन्स पेरी यांची शेजारवस्तीची कल्पना व रॅडबर्न येथील आखणी यांच्या प्रभावाने बंद टोकाचे रस्ते शांततेचे व सुरक्षिततेचे लक्षण मानले जाऊ लागले. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली व अ‍ॅडम मिलर्ड-बॉल यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या देशातील नव्या रस्त्यांची संलग्नता विसाव्या शतकात दीर्घकाळ घटत जाऊन १९९४ च्या सुमारास नीचांकास पोहोचली व पुढे पुन्हा वाढू लागली, असे आढळले. त्यांच्याच २०२० मधील जागतिक अभ्यासात अनेक देशांतील नव्या वाढीची संलग्नता कमी होत असल्याचे, तर बोलिव्हिया, अर्जेंटिना, पेरू इत्यादी देशांत चौकटीची परंपरा टिकून असल्याचे दिसते. एकदा तुटक बांधलेला भाग क्वचितच सांधला जातो, हाही त्यांचा निष्कर्ष आहे. बिल हिलिअर व ज्यूलियन हॅन्सन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या अवकाश-विन्यासाच्या उपपत्तीनुसार कोणत्या रस्त्यावर वर्दळ व दुकाने येतील, हे बऱ्याच अंशी त्या रस्त्याच्या सबंध जालातील स्थानावर ठरते. उलटपक्षी सर्व रस्ते सर्वांशी जोडल्यास घरांसमोरून परकी वाहतूक धावू लागते, हा आक्षेप खरा आहे. १९६३ च्या ब्रिटनमधील ब्युकॅनन अहवालाने त्यावर भर दिला होता. त्यावर उपाय म्हणजे वाहनांस अडवून पादचाऱ्यांस व सायकलींस वाट देणारे दुवे. धुऱ्यावरील भिंतीत चार हात रुंदीची वाट ठेवली, तरी बराच प्रश्न सुटतो.

अलीकडील बदल : २००० च्या सुमारास नागपुरात अतिक्रमणे हटवून प्रमुख रस्त्यांच्या रुंदीकरणाचा मोठा कार्यक्रम राबविण्यात आला व शहराचे रूप पालटले. रुंदीकरणाने रस्त्याची क्षमता वाढते, दुवे वाढत नाहीत. उड्डाणपुलांबाबत असेच म्हणता येईल : चढण व उतरण या दोन टोकांखेरीज उड्डाणपूल खालच्या एकाही चौकास मिळत नाही. आलेखात तो एक लांब दुवा असतो. शिवाय तो इतर दुव्यांना न मिळता ओलांडत असल्याने गॅमा निर्देशांकाचे सपाट आलेखासाठी असलेले सूत्र तेथे जसेच्या तसे लागू पडत नाही. वर्धा रस्त्यावर उड्डाणपूल व मेट्रो एकावर एक नेण्यात आली असून तेथील दुमजली मार्ग ३·१४ किमी. लांबीचा आहे. कामठी रस्त्यावरील तशाच बांधकामात गड्डीगोदाम येथे रस्ता, लोहमार्ग, उड्डाणपूल व मेट्रो असे चार थर एकमेकांवर आले आहेत. नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम या दोन्ही मार्गिका पूर्ण लांबीने खुल्या झाल्या. सीताबर्डी येथे छेदणाऱ्या या मार्गिकांनी लोहमार्गापलीकडील पूर्व नागपूर पश्चिमेशी नव्याने जोडले गेले. मात्र स्थानकापर्यंत पायी पोहोचता येणे हे भोवतीच्या गल्ल्या कशा जुळल्या आहेत, यावरच अवलंबून असते.

शहराची वाढ आता बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, वाडी अशा कडेच्या गावांकडे सरकली असून २०१७ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे महापालिका हद्दीबाहेरील विस्तृत प्रदेशाचे नियोजन आले. विकास आराखड्यात मुख्य रस्त्यांच्या रेषा दाखविलेल्या असतात. त्या मुख्य रस्त्यांमधील शेतांच्या अंतर्गत आखणीचे काम मात्र बव्हंशी एकेका अभिन्यासाच्या मंजुरीवर सोपविलेले असते. धुऱ्यापर्यंत आलेला रस्ता शेजारच्या शेतात पुढे नेण्याची अट मंजुरीच्या वेळीच घातली, तर तिला कागदावरील एका रेघेपेक्षा अधिक खर्च येत नाही. घरे उभी राहिल्यानंतर तोच दुवा साधावयाचा, तर भूसंपादन, मोबदला व कज्जे यांतून जावे लागते.